उष्टा सिनेमा

सुमतीबाई दाबक्यांना किळस फार, हे नवीन पनवेलच्या स्नेहवर्धन सोसायटीत पोरासोरांनाही ठाऊक होतं. हळदीकुंकवाला गेल्या तर दुधाच्या पेल्याचा आधी वास घेणार, लिफ्टचं बटण पदराच्या टोकाने दाबणार, भाजीवाल्याने ओल्या हाताने दिलेली नोट घरी आणून वाळत टाकणार. तळमजल्यावरची विनिता म्हणायची, "काकूंना देवाने नाक जरा जास्तच दिलंय." ते कानावर आलं तरी सुमतीबाई रागवायच्या नाहीत. नाक असतं ते वास घ्यायलाच, एवढंच त्यांचं म्हणणं.

सत्तावीस वर्षं त्यांनी पनवेल कोर्टासमोर इंद्रजीत गडकर वकिलांकडे टायपिंग केलं. आधी मशीनवर, मग कॉम्प्युटरवर. मारामाऱ्या, भाऊबंदकी, न वटलेले चेक, सुनेच्या अंगावरच्या जखमांची यादी, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं. टायपिस्टचा एक धर्म असतो. बोटं चालवायची, डोकं चालवायचं नाही. डोकं चालवलं तर चुका होतात आणि रात्री झोप लागत नाही. सुमतीबाईंनी हा धर्म चोख पाळला. घरी आल्यावर हात साबणाने खसाखसा धुवायच्या आणि कणीक मळायला घ्यायच्या.

नवरा प्रभाकरराव विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला आणि गेली अकरा वर्षं सोसायटीचा सचिव. माणूस म्हणजे नियमाचा पुतळा. गॅलरीत गादी वाळत घातली की पत्र, पिवळ्या रेघेवर चाक आलं की पत्र, कुंडीतलं पाणी खालच्या मजल्यावर ठिबकलं की स्मरणपत्र क्रमांक दोन. प्रत्येक पत्राला जावक क्रमांक, प्रत्येक पत्राची एक स्थळप्रत, म्हणजे आपल्याकडे ठेवायची नक्कल, फाईलला लावलेली. ही सगळी पत्रं टाइप कोण करणार? घरात फुकटची टायपिस्ट होतीच.

पण सिनेमा म्हटला की या सद्गृहस्थाची सगळी सभ्यता धोतरासारखी सुटायची. जन्मात कधी विनातिकीट गाडीत न बसलेला माणूस, पण सिनेमाचं तिकीट काढायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. फोनवरच्या कुठल्याशा ग्रुपवर नवीन सिनेमा शुक्रवारी लागला की शनिवारी येऊन पडायचा. तो हे महाशय उतरवून घ्यायचे आणि मोठ्या हार्ड डिस्कमध्ये भाषेप्रमाणे, वर्षाप्रमाणे लावून ठेवायचे. गाणीही तशीच, हजारोंनी. बघणार किती, ऐकणार किती, याचा काही हिशेब नाही. भरून ठेवायचं, बस्स.

सुमतीबाईंनी त्यातला एक सिनेमा एकदाच पाहिला होता. कोणीतरी थिएटरात बसून चोरून टिपलेला. मध्येच एक डोकं पडद्यासमोरून जायचं, कोणीतरी खोकायचं, चित्रावर जुगाराची जाहिरात आडवी पसरलेली. त्या अर्ध्यातून उठल्या.

"अहो, हे दुसऱ्याचं उष्टं आहे. ताटातलं उचलून आणलेलं. तुम्हाला घशाखाली उतरतं तरी कसं?"

"अगं, इंटरनेटवर पडलेलं असतं. अख्खा देश बघतो."

"रस्त्यावर पडलेलं तुम्ही एरवी उचलता का? आणि आमच्याकडे तळोज्याचा तो केबलवाला यायचा, आठवतोय? नवीन सिनेमा केबलवर दाखवला म्हणून केस झाली. कॉपीराइट कायद्याचं कलम त्रेसष्ट. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, वर पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. पोलीस वॉरंटशिवाय उचलतात. काळे केस घेऊन आला होता, तारखा संपेपर्यंत पांढरा झाला."

"तो धंदा करत होता. मी घरात बसून बघतो. माझ्या घरात कोण येतंय बघायला?"

नवऱ्याशी वाद घालून काही निघत नाही, हे छत्तीस वर्षांत कळलेलं होतंच.

मग आला सव्वीस जानेवारी. सोसायटीत सकाळी झेंडावंदन, दुपारी सत्यनारायण आणि संध्याकाळी काहीतरी कार्यक्रम, अशी दर वर्षीची रीत. यंदा प्रभाकररावांच्या डोक्यात आलं की वाहनतळात पडदा लावून सगळ्यांना सिनेमा दाखवू. तोही नवाकोरा, मॉलमधल्या थिएटरात अजून चालू असलेला मराठी सिनेमा. अध्यक्ष परेश शहांनी प्रोजेक्टर द्यायचं कबूल केलं आणि विनिता तर आनंदाने उडालीच, ती सांस्कृतिक प्रमुख ना! परिपत्रक टाइप करायला सांगितल्यावर मात्र सुमतीबाईंनी अकरा वर्षांत पहिल्यांदा नाही म्हटलं.

"घरात बघता ते तुमच्या जिवाला. चारचौघांना दाखवणं म्हणजे उघड गुन्हा आहे. मी याला बोट लावणार नाही."

"नको लावूस. मला अक्षर आहे."

अक्षर होतं खरं, मोत्यासारखं. त्याच मोत्यांनी त्यांनी लिहिलं: "सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सध्या चित्रपटगृहांत गाजत असलेला मराठी चित्रपट दि. २६ रोजी सायंकाळी सात वाजता वाहनतळात दाखविण्यात येईल. सदर चित्रपट सचिव श्री. प्रभाकर दाबके यांच्या वैयक्तिक संग्रहातून सौजन्याने उपलब्ध झाला आहे." खाली जावक क्रमांक, सही, सोसायटीचा गोल शिक्का. चोराने चोरीच्या भांड्यावर स्वतःचं नाव घालून घ्यावं, तसला हा प्रकार. पण कागदावर शिक्का बसला की ती गोष्ट कायदेशीर होते, अशी या माणसाची नोकरीपासूनची श्रद्धा. परिपत्रक फलकावर लागलं, स्थळप्रत फाईलला लागली.

त्या दिवशी सकाळी झेंड्याखाली प्रभाकररावांनी नागरिकांच्या कर्तव्यांवर वीस मिनिटं भाषण केलं. संध्याकाळी सात वाजता खाली सिनेमा सुरू झाला. सुमतीबाई वर घरातच बसल्या, पण आवाज येत होता. विनोद झाला की हसू दोनदा यायचं. आधी थिएटरातल्या त्या अनोळखी माणसांचं, सिनेमाबरोबर चोरून आलेलं, आणि मग खालच्या आपल्या माणसांचं. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

पुढचा शहाणपणा विनिताचा. तिने पडद्याचा फोटो काढला, समोर खुर्च्यांवर बसलेली मंडळी, वर सिनेमाचं नाव ठसठशीत, आणि फेसबुकवर टाकला. नुसता टाकला नाही, तर सिनेमा काढणाऱ्यांच्या पानाला जोडून लिहिलं, "आमच्या स्नेहवर्धन सोसायटीने तुमचा सिनेमा एकत्र पाहिला, फारच आवडला, असेच सिनेमे काढत राहा!" बिचारीला वाटलं, ते खूश होतील. तिकडे त्या लोकांनी घरदार गहाण टाकून सिनेमा काढला असेल, आणि ही इकडून त्यांनाच पावती पाठवते की तुमचं चोरलेलं फार रुचकर होतं.

आठवड्याभरात एक तरुण फौजदार, एक हवालदार आणि निर्मात्याच्या कंपनीचा माणूस सोसायटीत आले. प्रोजेक्टर आणि सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर पंचनामा करून उचलला. सिनेमा त्याच कॉम्प्युटरवरून लावला होता. सिनेमा आणला कोणी, असं फौजदाराने विचारलं, तेव्हा फलकावरचं परिपत्रक केव्हाच गायब झालेलं होतं आणि नियमाचा पुतळा खाली बघत म्हणत होता, "चौकशी करावी लागेल. ऑफिसची किल्ली बऱ्याच जणांकडे असते."

"सोमवारी ठाण्यात या. सगळ्यांचे जबाब घेऊ. गुन्हा दाखल झालेला आहे, हे लक्षात ठेवा," फौजदार म्हणाला.

त्या संध्याकाळी भाताला तांदूळ घ्यायला सुमतीबाईंनी डब्यात हात घातला, तर हाताला काहीतरी टणक लागलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली हार्ड डिस्क. नवऱ्याला लपवायला दुसरी जागा सापडली नव्हती. त्यांनी तो डबा झाकून बाजूला ठेवला आणि पोळ्या केल्या. त्या डब्यातला तांदूळ त्यांना परत शिजवावासा वाटला नाही.

शनिवारी दाबक्यांच्या दिवाणखान्यात बैठक बसली. परेशभाई, विनिता आणि प्रभाकरराव. सुमतीबाई चहा घेऊन आल्या तेव्हा बोलणं बुधाजीवर येऊन ठेपलं होतं.

बुधाजी हा सोसायटीचा रखवालदार. गाढी नदीपलीकडच्या गावातला आगरी माणूस, साठीला टेकलेला. पंप चालू करायचा, टाकी भरायची, गेट सांभाळायचं, ऑफिस उघडायचं. जिथे ही इमारत उभी आहे तिथे त्याच्या चुलत्याचं भाताचं खाचर होतं, असं तो कधीतरी सांगायचा, तेही तक्रार म्हणून नव्हे, अमक्याचं घर कुठे होतं ते सांगावं तसं.

"ऑफिसची किल्ली त्याच्याकडेच असते, हे खरंच आहे," परेशभाई म्हणाले. "त्याने कोणाकडून तरी पेन ड्राइव्ह आणला, आम्हाला वाटलं रीतसर विकत आणलाय. संपलं. गरीब माणूस, अडाणी, साहेब लोक पण समजून घेतात."

"मी तसा ठरावही लिहिलाय," प्रभाकरराव म्हणाले. "जानेवारीच्या सभेच्या इतिवृत्तात जागा होतीच. 'चित्रपट अधिकृतरीत्या उपलब्ध करून घेण्याची जबाबदारी श्री. बुधाजी यांच्याकडे सोपविण्यात येत आहे.' आता फक्त त्याचा जबाब नीट शब्दांत हवा. सुमती, तू करशील. तुझा हात बसलाय त्यात."

सुमतीबाईंनी ट्रे खाली ठेवला. "बुधाजीला माहीत आहे?"

"सांगितलंय. तयार आहे."

"काकू, आपल्या काकांवर या वयात केस झाली तर बरं दिसेल का?" विनिता म्हणाली. चहा मात्र तिने बशीत ओतून फुर्रकन प्यायला.

सुमतीबाई स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना किळस आली होती. वाटीला वास आला की येते तशी नव्हे. ती नाकापाशी असते, ही कुठेतरी खोल.

रविवारी दुपारी त्या चहाचा पेला घेऊन पंपाच्या खोलीपाशी गेल्या. बुधाजी स्टुलावर बसून पाण्याचा पाइप बांधत होता.

"बुधाजी, उद्या तुम्ही काय सांगणार आहात पोलिसांना, कळतंय का तुम्हाला?"

"कलतंय ना बाई. मी शिनेमा आनला म्हनून सांगायचा." तो हसला. "आता मना तर फोनवर बोट पन नीट लावता येत नाय. पन साहेब बोल्ले, दोन दिसांची बात हाय, जामीन आमी देव."

"दोन दिवसांची नाही. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्याला. आणि जामिनावर सुटलात तरी वर्षानुवर्षं तारखा. मी टाइप केल्यात असल्या केसेस."

बुधाजीचा हात थांबला. पाइप त्याने खाली ठेवला.

"पन परेशशेट बोल्ले, ती एजन्शी येनार हाय ना रखवालीची, ती आली तरी तुला काढनार नाय. मरंपरत इथंच ऱ्हा बोल्ले. मग म्हटला, असू दे. आमी काय, आज हाय, उद्या नाय. घरात खानारी तोंडं हायेत बाई."

एजन्सीचा तो ठराव सुमतीबाईंनीच टाइप केला होता. जानेवारीच्या सुरुवातीला, टीव्ही बघता बघता. 'दि. १ मार्चपासून सुरक्षा एजन्सीची नेमणूक करण्यात येत असून विद्यमान रखवालदाराची सेवा त्याच दिवशी समाप्त करण्यात येत आहे.' विद्यमान रखवालदार म्हणजे बुधाजी, हे तेव्हा त्यांच्या डोक्यात शिरलंही नव्हतं. त्यांनी 'समाप्त'मधलं जोडाक्षर तपासलं होतं, कागदाला दोन भोकं पाडली होती आणि फाईलला लावला होता. सत्तावीस वर्षं जो धर्म म्हणून पाळला, त्याचीच आता त्यांना घाण वाटली.

"तुम्हाला काढायचं केव्हाच ठरलंय, बुधाजी. एक मार्चला. सह्या झाल्यात. मीच लिहिलंय ते."

पेल्यातला चहा बुधाजीने हळूहळू संपवला, पेला नळाखाली धुतला आणि त्यांच्या हातात दिला.

"म्हंजे भाऊबंदांची जमीन पन गेली, नोकरी पन गेली, आनि वर जेलात पन मीच," तो म्हणाला. "आनि तुमी मना आता सांगताय."

सुमतीबाई पेला घेऊन तशाच वर गेल्या.

घरी येऊन त्यांनी फाईल काढली. परिपत्रक फलकावरून फाडलेलं असलं तरी स्थळप्रत असणारच, हे त्यांना माहीत होतं. चाळीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस एक वेळ आईबापाचे फोटो टाकून देईल, स्थळप्रत फाडणार नाही. ती होतीच. उलट या शहाण्याने तिच्यावर लाल शाईने आडवं 'रद्द' असं लिहिलं होतं, आणि खाली सही करून तारीख घातली होती. पोलीस येऊन गेल्यानंतरची तारीख. रद्द करतानाही नियम पाळला होता पठ्ठ्याने. 'वैयक्तिक संग्रहातून सौजन्याने' ही अक्षरं त्या लाल शाईखालून स्वच्छ वाचता येत होती.

संध्याकाळी प्रभाकररावांनी विचारलं, "झाला का टाइप?"

"झाला." त्यांनी कागद पुढे केला. त्यावर प्रभाकर दाबके यांचा जबाब होता. सिनेमा मी उतरवला, मी लावला, रखवालदाराचा काही संबंध नाही. चार ओळी, शुद्ध आणि नेटक्या. "सही करा. आपणहून गेलात, माफी मागितलीत, दंड भरायची तयारी दाखवलीत, तर निदान माणसासारखं वागलात असं होईल. मी येते बरोबर. गडकर वकिलांनाही फोन करते."

प्रभाकरराव वाचत गेले तसा त्यांचा चेहरा तांबडा होत गेला. "वेड लागलंय तुला? पासष्टाव्या वर्षी मी कोठडीत जाऊ? सोसायटीत तोंड कसं दाखवू? माझी पेन्शन, माझं नाव... बुधाजीचं काय गं? त्याला काय फरक पडतो?"

सुमतीबाईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नसावं. म्हणून त्यांनी परत विचारलं, "काय म्हणालात?"

"म्हटलं, त्याला काय फरक पडतो. अशा लोकांना सवय असते." आणि त्यांनी टीव्ही लावला.

खरंच ओकारी आली. बेसिनपाशी जाऊन त्या उभ्या राहिल्या, गार पाण्याने तोंड धुतलं, परत परत धुतलं. छत्तीस वर्षं या माणसाच्या ताटात आपण जेवलो, याचे कपडे धुतले, तापात याच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. नाक एवढं तिखट म्हणून मिरवलं आणि नेमका हाच वास आपल्याला कसा आला नाही? आला असेल. आपणच खिडकी लावून घेतली असेल.

सोमवारी सकाळी प्रभाकरराव आंघोळीला गेले, तेव्हा त्यांनी एका पिशवीत फाईल घेतली, दुसऱ्या पिशवीत तो तांदळाचा डबा घेतला, आणि रिक्षाने पोलीस ठाण्यात गेल्या. बुधाजी फाटकापाशी नव्हता. तो आधीच जाऊन ठाण्याच्या बाकावर बसला होता, इस्त्रीचा सदरा घालून, हातात टोपी. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, पण नमस्कार केला नाही.

फौजदाराने त्यांना खुर्ची दिली. त्यांनी आधी डबा टेबलावर ठेवला, मग स्थळप्रत.

"आरोपीशी तुमचं नातं?"

"अजून आरोपीचं नाव तुमच्याकडे लिहिलेलं नाही. मी सांगते. प्रभाकर दाबके. नवरा आहे माझा." हे शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर त्यांनी घोटभर पाणी मागून घेतलं. "एक लक्षात घ्या साहेब. त्यांनी मला काय सांगितलं ते लिहू नका, नवराबायकोतलं बोलणं कोर्टात चालत नाही. मी काय पाहिलं तेवढंच लिहा. ते सिनेमे उतरवताना मी पाहिलंय, पंचवीस तारखेला पेन ड्राइव्ह घेऊन खाली जाताना पाहिलंय, आणि ही डिस्क माझ्या डब्यात होती. बाकावर बसलेल्या माणसाने यातलं काही केलेलं नाही. त्याची सही कशावरही घेऊ नका."

फौजदाराने स्थळप्रत वाचली. 'रद्द'वर त्याची नजर थांबली आणि ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं, ते त्याने आवरलं. मग तो जरा सौम्य आवाजात म्हणाला, "बाई, तुम्ही आईच्या वयाच्या म्हणून सांगतो. नवऱ्याविरुद्ध असा जबाब कोणी देत नाही. पुढे आयुष्यभर एका घरात राहायचंय तुम्हाला. आज घरी जा, शांतपणे विचार करा, उद्या या."

"विचार घरीच करून आले," सुमतीबाई म्हणाल्या. "आता त्या घरी परत जायचीच शिसारी आलीय मला. तुम्ही लिहून घ्या."